एदो किरिको: झिजवून झिजवून चमकवलेली काच

मागच्या दिवाळीत मावसबहीण टोकियोहून आली तेव्हा आईसाठी एक छोटा पेला घेऊन आली, निळाशार, हाताच्या मुठीत मावेल एवढा, आणि अंगभर बारीक रेघांची जाळी. आईने तो उजेडात धरला, फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, "हा घासायचा कशानं गं?" मऊ स्पंज आणि कोमट पाणी, घासणी अजिबात नाही, असं उत्तर आल्यावर "मग शोकेसमध्येच बरा" म्हणून त्याची रवानगी शोकेसमध्ये झाली. मी मात्र अधूनमधून तो काढून बघत बसायचो, कारण कॉलेजात असताना मी पुण्यात एका वर्कशॉपमध्ये दुर्बिणीचा आरसा हाताने घासून बनवला होता आणि काच घासणं म्हणजे काय प्रकार असतो हे त्या दोन महिन्यांत मनगटाला चांगलं कळलेलं होतं.

तर या पेल्याला म्हणतात एदो किरिको. एदो हे टोकियोचं जुनं नाव आणि किरिको म्हणजे कापीव काम. इंग्रजीत पण कट ग्लासच म्हणतात. पण खरं सांगायचं तर इथे कापाकापी काहीच नसते. सुरी फिरवली आणि रेघ पडली असं काचेत होतच नाही. काच झिजवावी लागते, सहाणेवर चंदन उगाळतो तशी, फक्त इथे उगाळून जे निघतं ते टाकून द्यायचं आणि जे मागे राहतं ते ठेवायचं.

१८३४ साली एदोमधल्या ओदेन्माचो भागात कागाया क्यूबेई नावाच्या काचविक्याने काचेवर एमरीची पूड घासून नक्षी काढायला सुरुवात केली, तिथून ही कला सुरू झाली असं मानतात. एमरी म्हणजे आपला कुरुंद आणि त्यात मिसळलेली लोहखनिजं. धार लावणाऱ्याच्या चाकात असतो तोच हा कुरुंद, आणि इंग्रजीतला कोरंडम हा शब्दसुद्धा तमिळ कुरुंदमवरून गेलाय. काचेचा कठीणपणा मोजपट्टीवर साडेपाच-सहाच्या आसपास, कुरुंद नऊ आणि हिरा दहा, त्यामुळे कुरुंद काचेला आरामात खातो. आज कारागीर हिऱ्याची पूड बसवलेली फिरती चाकं वापरतात, पण तत्त्व तेच.

काचेवर कठीण दाणा दाबला की नक्की काय होतं ते बघण्यासारखं आहे. दाण्याच्या खाली काचेत एक उभी चीर जाते, आणि गंमत म्हणजे दाब सुटताना बाजूला आडव्या चिरा फुटतात, त्या वर पृष्ठभागापर्यंत आल्या की काचेचा बारीकसा टवका उडतो. असे लाखो टवके उडाले की एक खाच तयार होते. ती दिसते कशी? पांढरी, खरबरीत, दुधाळ. आणि चाकावर सतत पाणी सोडलेलं असतं ते फक्त गार करायला आणि धूळ बसवायला नाही, ते स्वतः पण काम करतं! चिरेच्या टोकाला काचेतले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध आधीच ताणलेले असतात, तिथे पाण्याचा रेणू शिरला की ते बंध आणखी सहज तुटतात. म्हणजे ओली काच कोरड्या काचेपेक्षा लवकर चिरते, ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे.

आता खरी कटकट. आडव्या चिरा टवके घेऊन गेल्या पण उभ्या चिरा आतच राहिल्या. म्हणून जाड दाण्याच्या चाकानंतर बारीक, मग त्याहून बारीक, मग दगडाचं चाक असं करत जायचं, आणि प्रत्येक टप्प्यात आधीच्या टप्प्याने आत केलेली जखम पूर्ण खरवडून काढायची. कंटाळा करून एक टप्पा लवकर उरकला तर ती चीर शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही. माझ्या आरशाचं हेच झालं होतं, बारीक पावडरीच्या टप्प्यावर कुठूनतरी आधीच्या जाड पावडरीचा एक दाणा आला (बादली नीट धुतली नव्हती, चूक माझीच) आणि आरशावर असा लांबलचक ओरखडा पडला की दोन टप्पे मागे जाऊन परत चार दिवस घासत बसलो. आरसा तरी साधा खोलगट असतो, किरिकोच्या पेल्यावर शेकडो खाचा असतात आणि त्या एकमेकींना कापत जातात, एक रेघ जरा खोल गेली की शेजारची चांदणी वाकडी, आणि काचेत बॅकस्पेस नसतो.

बरं, नक्षी काचेवर आधी काढून घेतात का, तर नाही. फक्त उभ्याआडव्या मार्गदर्शक रेघांची चौकट आखतात, पूर्वी त्यासाठी बेंगारा नावाचा लाल रंग वापरायचे, म्हणजे आपला गेरूच हो, आणि हे नावच मुळात बंगालवरून आलंय. बाकी सगळी जाळी कारागिराच्या डोक्यात. त्यातून तो पेला चाकाच्या वर धरतो, बाहेरची बाजू चाकाला टेकलेली आणि स्वतः पेल्याच्या आतून, काचेच्या आरपार बघत काम करतो. म्हणजे चाक जिथे टेकतं ती जागा त्याला काच आणि पाणी यांच्यातूनच दिसते. म्हणूनच काळ्या काचेवरची किरिको बघितली की जाणकार भुवया उंचावतात, कारण तिच्यातून आरपार काहीच दिसत नाही आणि हात निव्वळ सवयीवर चालवावा लागतो.

एवढं सगळं करून पेला अजून दुधाळच असतो. चमक येते शेवटच्या पॉलिशने आणि मला विचाराल तर सगळ्यात भन्नाट विज्ञान इथेच आहे. लोकांना वाटतं पॉलिश म्हणजे अजून अजून बारीक ओरखडे, इतके की दिसेनासे होतात. अर्धं खरं आहे. पॉलिशला आज वापरतात सीरियम ऑक्साइड, फिकट पिवळसर-गुलाबी पावडर, पाण्यात कालवून लाकडाच्या किंवा ब्रशच्या चाकावर. आणि सीरियम ऑक्साइडचा कठीणपणा जवळपास काचेएवढाच! हिऱ्याची पूड कितीतरी कठीण पण पॉलिशला ही मऊ पावडर सरस ठरते, कारण ती काचेला ओरबाडत नाही, तिच्याशी केमिकल दोस्ती करते. पाण्याने काचेचा वरचा थर किंचित मऊ होतो, सीरियमचा कण त्याला चिकटतो, क्षणभर ऑक्सिजनमार्फत सिलिकॉनशी बंध जोडतो आणि पुढे सरकताना अगदी थोडे अणू सोबत ओढून नेतो. टवका नाही, चीर नाही. चष्म्याच्या काचा, दुर्बिणीचे आरसे यांना हेच चालतं आणि कॉम्प्युटरच्या चिप बनवताना सिलिकॉनच्या चकतीवरचा ऑक्साइडचा थर सपाट करायलासुद्धा याच जातीचं तंत्र वापरतात. आरशावर पहिल्यांदा ट्यूबलाइटचं प्रतिबिंब उमटलं तो क्षण मला अजून आठवतो, पंधरा मिनिटांपूर्वी खडूच्या रंगाची असलेली काच एकदम "दिसायला" लागते.

दुसरा शॉर्टकट म्हणजे अ‍ॅसिड पॉलिश, हायड्रोफ्लोरिक आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या मिश्रणात पेला बुडवायचा, वरचा खरबरीत थर विरघळून जातो. झटपट होतं, आणि अवघड कोपऱ्यात पोचतं, पण खाचांच्या कडा थोड्या बोथट होतात. आणि हायड्रोफ्लोरिक हे अत्यंत वाईट प्रकरण, कातडीतून आत हाडापर्यंत जातं, त्यामुळे घरी प्रयोग वगैरे चुकूनही नको.

कडांचं महत्त्व इतकं का? तर प्रत्येक खाच इंग्रजी व्ही सारखी असते आणि तिचे दोन उतार म्हणजे दोन चिमुकले आरसे. काचेतून बाहेर हवेत जाणारा उजेड साधारण ४१ अंशांपेक्षा जास्त तिरका पडला तर तो बाहेर पडतच नाही, पूर्ण आत परततो. मग तो दुसऱ्या उतारावर, तिथून तिसऱ्यावर, असं करत कुठूनतरी भलत्याच ठिकाणाहून डोळ्यात शिरतो, त्यालाच आपण लकाकणं म्हणतो. क्रिस्टल म्हणजे शिसं घातलेली काच असेल तर उजेड जास्त वाकतो आणि हा कोन आणखी लहान होतो, शिवाय ती काच झिजवायलाही मऊ पडते. बाजारात साच्यात दाबून काढलेले स्वस्त नकली पेले मिळतात त्यांची कड नख फिरवून बघा, गोलसर लागते, कारण वितळलेल्या काचेचा पृष्ठताण टोकदार काही टिकू देत नाही. झिजवलेल्या खाचेची कड नखाला अडते.

रंगाची गोष्ट वेगळीच. पेल्याला रंग फासलेला नसतो, तर फुंकतानाच बिनरंगी काचेवर रंगीत काचेचा थर चढवलेला असतो, वरचा थर झिजवला की आतली पारदर्शक काच उघडी पडते. दोन्ही काचा गार होताना सारख्याच आकसायला हव्यात, नाहीतर पेला टेबलावर ठेवल्या ठेवल्या आपोआप तडकतो. निळा येतो कोबाल्टने. लाल मात्र खट्याळ, तो तांब्याचा किंवा सोन्याचा, आणि सोनं घातलेली काच आधी लाल दिसतच नाही, ती परत तापवली की आत सोन्याचे नॅनो आकाराचे कण जमतात आणि मग रंग उमलतो.

या लालचा नाद होता दक्षिणेकडच्या सात्सुमा संस्थानाला, म्हणजे आजच्या कागोशिमाला. तिथे १८४६ मध्ये औषधांच्या बाटल्यांसाठी काचकाम सुरू झालं, एदोहून योत्सुमोतो कामेजिरो हा कारागीर बोलावला, आणि १८५१ मध्ये गादीवर आलेल्या शिमाझू नारिआकिरा या हौशी सरदाराने त्यातून सात्सुमा किरिको उभी केली. १८५८ मध्ये तो वारला, १८६३ मध्ये ब्रिटिश जहाजांच्या तोफांनी कारखाने जाळले आणि थोड्याच वर्षांत ती कला साफ बुडाली. १९८५ मध्ये जुन्या नमुन्यांवरून परत सुरू केली. एदोचा रंगाचा थर पातळ, म्हणून निळं-पांढरं एकदम करकरीत वेगळं. सात्सुमाचा थर जाड, त्यात उतरती खाच मारली की गडद ते फिक्कं अशी झाक येते, तिला बोकाशी म्हणतात. झाक इतकी झपाट्याने का बदलते? समजा रंगाचा पूर्ण थर फक्त ४ टक्के उजेड सोडतो, तर अर्ध्या जाडीला तो ८ नाही, २० टक्के सोडतो, आणि पाव जाडीला जवळजवळ ४५. जाडी उतरते सरळ रेषेत पण उजेड वाढतो पटीपटीने, त्याच मिलिमीटर-दोन मिलिमीटरमध्ये सगळी जादू.

एदोची कला मात्र पुढे चालू राहिली, १८८१ मध्ये शिनागावाच्या सरकारी काच कारखान्यात एमॅन्युएल हॉप्टमन हा इंग्रज तंत्रज्ञ बोलावून जपान्यांनी त्याच्याकडून चाकावरचं काम शिकून घेतलं. आणि जपानमध्ये काचतंत्र शिकायला आपलीही माणसं गेली, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला जो पैसा फंड काच कारखाना निघाला, तो उभा करणारे ईश्वरदास वार्ष्णेय जपानमध्येच काच शिकून आलेले होते.

आता आईच्या पेल्यावरची जाळी. तिचं नाव कागोमे, कागो म्हणजे टोपली आणि मे म्हणजे डोळा, बांबूच्या टोपलीचे षट्कोनी डोळे आणि त्यांच्या मधे त्रिकोण. १९५१ मध्ये कोजी फुशिमी आणि इचिरो शोजी या जपानी भौतिकशास्त्रज्ञांनी अणूंच्या अशाच मांडणीला हे टोपलीचंच नाव दिलं आणि आज जगभर कागोमे लॅटिस हाच शब्द चालतो. त्यातली अडचण मजेशीर आहे. अणूंचे चुंबक शेजाऱ्याच्या उलट तोंड करून बसायला बघतात, चौकोनात ते जमतं, त्रिकोणात दोघे उलट बसले की तिसऱ्याने कुणाच्या उलट बसायचं? सगळ्यांची कोंडी. हर्बर्टस्मिथाइट नावाच्या हिरव्या खनिजात तांब्याचे अणू अगदी या जाळीत बसलेले असतात आणि प्रचंड थंड केलं तरी त्यांचे चुंबक शिस्तीत रांगेत उभे राहत नाहीत.

वापराबद्दल दोन गोष्टी. शिसं असलेल्या क्रिस्टलमध्ये आंबट किंवा दारू साठवून ठेवू नये, १९९१ च्या एका अभ्यासात चार महिने क्रिस्टलच्या सुरईत ठेवलेल्या पोर्ट वाइनमध्ये लिटरला काही हजार मायक्रोग्रॅम शिसं उतरलेलं सापडलं होतं. पिण्यापुरतं ओतलं तर एवढं उतरायला वेळच मिळत नाही, आणि साध्या सोडा काचेची किरिको भरपूर मिळते, आमची तीच. दुसरं, गरम चहा नको. खाचेजवळ काच पातळ, शेजारी जाड, दोन्ही वेगवेगळ्या वेगाने तापतात आणि खाच ही चिरेला आयतीच सुरुवात. हे मी आमच्याकडच्या दुसऱ्या एका जुन्या कट ग्लासवर शिकलोय, टण्ण असा आवाज झाला आणि चहा ओट्यावर.

हा निळा पेला मात्र उन्हाळ्यात शेवटी शोकेसमधून बाहेर आला. मी आईला सांगितलं होतं की रिकाम्या पेल्यात आतल्या बाजूला हवा असते म्हणून बराचसा उजेड तिथूनच परततो, पाणी भरलं की तो आत शिरतो आणि सगळा पेलाच भिंगासारखा वागतो. तिने वाळ्याचं पाणी ओतलं, डोळ्यासमोर धरलं, तर पलीकडच्या बाजूची जाळी फुगून एवढाले षट्कोन झाले. "अगं बाई," म्हणाली, आणि तो पेला आता तिचाच झालाय, घासणी सिंकच्या पार दुसऱ्या टोकाला टांगलीय.