मगिद्दोला पडलेला राजा आणि चंद्रग्रहणाची साक्ष

बायबलमधल्या ‘राजे’ या पुस्तकांत बहुतेक राजांचा निकाल एका ओळीत लागतो: परमेश्वराच्या दृष्टीने जे वाईट ते याने केलं. यहूदाचा, म्हणजे यरुशलेमभोवतालच्या राज्याचा, राजा योशीया हा मोठा अपवाद. आठ वर्षांचा असताना तो गादीवर बसला, ३१ वर्षं राज्य केलं, आणि त्याच्यासारखा राजा आधी झाला नाही, पुढेही झाला नाही, असं प्रशस्तिपत्र त्याला मिळालं. त्यानंतर चारच ओळींनी तो मरतो. इजिप्तचा फारो नखो सैन्य घेऊन युफ्रेटिस नदीकडे निघाला होता, योशीया त्याला सामोरा गेला, आणि आजच्या उत्तर इस्रायलमधल्या मगिद्दोला गाठ पडताच फारोने त्याला ठार केलं. एवढंच. सामोरा का गेला, लढाई झाली की नुसतीच भेट, याबद्दल अवाक्षर नाही.

इतक्या त्रोटक नोंदीच्या या मृत्यूची तारीख मात्र जवळपास ऋतूपर्यंत सांगता येते: इ.स.पू. ६०९चा उन्हाळा. कशी? त्यासाठी यरुशलेम सोडून बाबिलोनला जावं लागतं.

ब्रिटिश म्युझियममध्ये कीलाकार लिपीतली एक मातीची पाटी आहे. तिचं वाचन सी. जे. गॅड यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलं. बाबिलोनचा राजा नबोपोलस्सर याच्या कारकिर्दीची वर्षवार हकिगत तिच्यावर आहे. चौदाव्या वर्षी अश्शूरची (असिरियाची) राजधानी निनवे पडली. सोळाव्या वर्षी अश्शूरच्या शेवटच्या राजाला हारान शहर सोडून पळावं लागलं. सतराव्या वर्षी, तम्मुझ महिन्यात म्हणजे साधारण जून-जुलैत, इजिप्तची मोठी फौज त्याच्या मदतीला नदी ओलांडून आली आणि दोघांनी मिळून हारानवर हल्ला चढवला. इजिप्तहून तिकडे जाणारा हमरस्ता कार्मेलच्या डोंगरातली खिंड उतरून मगिद्दोपाशीच बाहेर पडतो. तेव्हा योशीया मेला तो या हल्ल्याच्या थोडं आधी.

पण नबोपोलस्सरचं सतरावं वर्ष म्हणजे आपलं कोणतं? इथे चंद्र मदतीला येतो. इ.स.च्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून खगोलज्ञ टॉलेमीने जुन्या बाबिलोनी निरीक्षणांतून काही ग्रहणं उतरवून घेतली. त्यांतलं एक नबोपोलस्सरच्या पाचव्या वर्षातलं आहे: रात्र सरत आली असताना लागलेलं खंडग्रास चंद्रग्रहण, चंद्र दक्षिणेकडून चतुर्थांश झाकलेला. चंद्र-पृथ्वीच्या गतीचं गणित उलटं फिरवलं की हे ग्रहण २२ एप्रिल इ.स.पू. ६२१ या पहाटेला येऊन बसतं. त्यात एक मेख आहे. भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं हळूहळू मंदावत आलंय. आजच्याच वेगाने मागे मोजत गेलं तर त्या काळाशी सुमारे पाच तासांची तफावत पडते. ती धरली तरच ग्रहण बाबिलोनच्या आकाशात हव्या त्या वेळी दिसतं. पाचवं वर्ष ६२१, म्हणून सतरावं ६०९.

त्या पाटीवर योशीयाचं नाव मात्र नाही. बाबिलोनच्या कारकुनांच्या लेखी डोंगरातला एक मांडलिक राजा खिजगणतीत नसावा. खरं तर योशीयाचं नाव असलेला त्याच्याच काळातला कोणताही लेख उत्खननात अजून सापडलेला नाही.

मग मगिद्दोची माती काय सांगते? पुरातत्त्वात तारखेसाठी पहिला हात जातो तो कार्बन-१४कडे, आणि नेमका इथेच तो दगा देतो. साधारण इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात हवेतल्या कार्बन-१४चं प्रमाण असं बदलत गेलं की या चारशे वर्षांतल्या वस्तूंची मोजणी जवळजवळ एकाच आकड्यावर येते. मोजणीला खऱ्या वर्षांत उतरवणारा आलेख या टप्प्यात आडवा पडलाय. जाणकार त्याला हॉलस्टाट पठार म्हणतात. योशीयाच्या काळातला जळका गव्हाचा दाणा आणि त्याच्यानंतर दीडशे वर्षांनी जळालेला दाणा प्रयोगशाळेला सहज सारखेच वाटू शकतात. त्यामुळे सगळी मदार येते खापरांवर.

आणि खापरं बोलली. मगिद्दोच्या टेकाडावर इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरच्या थरात इजिप्शियन भांड्यांचे पुष्कळ तुकडे सापडले, त्यांच्यासोबत पूर्व ग्रीक प्रदेशातलीही काही भांडी. इस्रायल फिंकेलस्टाइन, असाफ क्लायमन आणि सहकाऱ्यांनी हे २०२५ साली मांडलं. भांडं कुठलं हे ओळखायची एक रीत अशी: खापराची पातळ चकती कापायची, काचेवर चिकटवायची आणि ०.०३ मिलिमीटर उरेपर्यंत घासायची. मग तिच्यातून प्रकाश आरपार जातो आणि मातीतले खनिजकण सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळे दिसतात. नाईलच्या गाळात अभ्रक चमकतं, आणि इजिप्तचे कुंभार त्यात भुसा मिसळत, त्याच्या जळून गेलेल्या पोकळ्या दिसतात. मगिद्दोची ही इजिप्शियन भांडी ओबडधोबड आहेत. व्यापारी माल म्हणून असलं भांडं कोण एवढ्या लांब नेईल? ही सैन्याच्या मुदपाकखान्यातली भांडी असावीत, हा संशोधकांचा तर्क मला पटतो. ग्रीक भांड्यांचाही मेळ बसतो, कारण फारोंच्या पदरी ग्रीक भाडोत्री सैनिक होते, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. म्हणजे फारोचं सैन्य मगिद्दोला होतं, इथपर्यंत जमीन भक्कम आहे. योशीया तिथे पडला याचा पुरावा खापरं देत नाहीत, देऊही शकत नाहीत.

तो कसा मेला, हे तर आणखी धूसर. ‘राजे’नंतर बऱ्याच काळाने लिहिलेल्या बायबलमधल्याच ‘इतिहास’ या पुस्तकात कथा फुलते: राजा वेश पालटून लढाईत उतरतो, तिरंदाजांचे बाण लागतात, सेवक त्याला दुसऱ्या रथात घालून यरुशलेमला नेतात, तिथे तो प्राण सोडतो. अडचण अशी की हीच कथा, वेशांतरासकट, अहाब या दुष्ट राजाच्या मृत्यूलाही लावलेली आहे. पुढे ताल्मुद या यहुदी धर्मग्रंथात तर बाणांनी योशीयाच्या देहाची चाळण होते. जसजसा काळ गेला तसतसे बाण वाढले.

मला विश्वासार्ह वाटते ती वेगळीच गोष्ट. हुल्दा नावाच्या संदेष्टीने योशीयाला सांगितलं होतं की तू शांतीने आपल्या कबरेत जाशील. झालं उलटंच. लिहिणाऱ्यांना ते वाक्य गुपचूप काढून टाकता आलं असतं. त्यांनी ते राहू दिलं. नीतिमान राजा भरात असताना मारला गेला, ही बाब त्यांना इतकी बोचणारी आणि इतकी सर्वश्रुत असावी की झाकायची सोय नव्हती.

आता त्याने मागे काय ठेवलं ते. राज्य म्हणाल तर काहीच नाही. मुलगा यहोआहाज तीन महिन्यांत फारोने उचलला, आणि २३ वर्षांत यरुशलेम जळून खाक झालं. उरलं ते एक पुस्तक. योशीयाच्या अठराव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६२२ साली, मंदिराच्या दुरुस्तीत मुख्य याजक हिल्कीयाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. चिटणीस शाफानने तो राजाला वाचून दाखवला, राजाने कपडे फाडले, आणि देशभरातली देवस्थानं मोडून पूजा एकट्या यरुशलेमात आणली. हा ग्रंथ म्हणजे बायबलमधल्या ‘अनुवाद’ (ड्यूटेरोनॉमी) या पुस्तकाचा गाभा, हा तर्क जर्मन अभ्यासक डे वेट्टे यांनी १८०५ साली मांडला आणि तो आजही बऱ्यापैकी टिकून आहे.

मोडलेल्या देवस्थानांचा पुरावा मात्र हातातून निसटत गेला. नेगेव वाळवंटातल्या अराद किल्ल्यात एक छोटं मंदिर सापडलं, त्यातल्या दोन वेद्या आडव्या पाडून मातीखाली झाकलेल्या. हे योशीयाचंच काम, असं एकेकाळी वाटलं. नंतर थर नीट तपासले तेव्हा ते त्याचा पणजोबा हिज्कीया याच्या काळाकडे सरकलं. (त्यांतल्या धाकट्या वेदीवरच्या काळ्या राखेत २०२० साली चक्क गांजाचे अंश मिळाले. मोठीवर ऊद होता.)

माणसांच्या खुणा त्यापेक्षा बऱ्या. दस्तऐवज गुंडाळून दोरीने बांधत आणि गाठीवर ओल्या मातीचा गोळा ठेवून शिक्का मारत. एरवी अशी माती विरघळून गेली असती, पण इ.स.पू. ५८६च्या आगीत दस्त जळाले आणि शिक्के भाजून पक्के झाले. ‘शाफानचा मुलगा गमऱ्या’ असा एक शिक्का १९८०च्या दशकात यरुशलेमात सापडला. २०१९ साली जाहीर झालेल्या दुसऱ्या, जेमतेम सेंटिमीटरभर शिक्क्यावर ‘राजाचा सेवक नथान-मेलेक’ असं कोरलंय. याच नावाचा अधिकारी योशीयाच्या सुधारणांच्या वर्णनात येतो. कोणता राजा, ते शिक्का सांगत नाही.

पुस्तकाचा प्रवास कोकणापर्यंत आला. ‘हे इस्राएला, ऐक’ हे वचन ‘अनुवाद’च्या सहाव्या अध्यायात आहे, आणि अनेक अभ्यासक ते त्या जुन्या गाभ्यातलंच मानतात. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, असं सांगणाऱ्या बेने इस्रायलींकडे, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांकडे, ग्रंथ उरले नव्हते, हिब्रूही उरली नव्हती. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. ‘शमा’ म्हणून ओळखलं जाणारं हे वचन मात्र त्यांना पाठ होतं. सुंतेला, लग्नाला, मयतीला, प्रत्येक वेळी तेच म्हणत.