अल्टो की टेनर? डोळे मिटून सॅक्सोफोन ओळखताना

गेल्या श्रावणात मी अख्ख्या टोळक्याच्या मिसळीची पैज हरलो, तीही स्टॅन गेट्झपायी. कोल्हापुरात राजारामपुरीत एका मित्राच्या घरी आम्ही सात-आठ जण महिन्यातल्या एका रविवारी जमतो. प्रत्येकाने जॅझचा एक तुकडा आणायचा. दीड-दोन मिनिटांचा, फाइलचं नाव पुसलेला. ऐकणाऱ्यांनी आधी वाद्य सांगायचं, मग वाजवणारा. वाटतं की माणूस ओळखणं अवघड आणि वाद्य ओळखणं म्हणजे पोरखेळ. आमच्याकडे बहुतेक भांडणं वाद्यावरूनच होतात, आणि त्यातही एकाच जोडीवरून: अल्टो सॅक्सोफोन आणि टेनर सॅक्सोफोन.

त्या दिवशी मी छातीठोकपणे म्हणालो, "अल्टो. पॉल डेझमंड." निघाला टेनर, आणि गेट्झ. चूक लाजिरवाणी होती, पण अगदीच बिनबुडाची नव्हती. डेझमंड म्हणजे 'टेक फाइव्ह' ही धून रचणारा, 1959 सालच्या डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीतला अल्टोवाला. (ही चौकडी त्याच्या आदल्याच वर्षी भारतात वाजवून गेली होती.) गेट्झ म्हणजे 1963 मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'द गर्ल फ्रॉम इपानेमा'मधला टेनरवाला. दोघांचाही सूर हलका, कोरडा, कुठेही अंगावर न येणारा. टेनर म्हणजे भरदार आवाज असं मनात पक्कं बसलेलं असलं, की गेट्झ ऐकताना माणूस हमखास अल्टो म्हणतो.

समोर ठेवून बघितली तर ही दोन वाद्यं कुणीही वेगळी ओळखेल. टेनर मोठा, जड. अल्टो आटोपशीर. अ‍ॅडॉल्फ सॅक्सने 1846 साली पॅरिसमध्ये या सगळ्या कुटुंबाचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं, पण तोंडाशी वेताची रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी, म्हणून गणना लाकडी वाद्यांत. बोटं दोन्हींवर सारखीच पडतात, त्यामुळे एक वाजवणाऱ्याला दुसरं उचलता येतं. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता सुरांचं बघू. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गाणारा पुरुष गायक डोळ्यांसमोर आणा. त्याचा मध्य षड्ज जिथे लागतो, तिथे अल्टोचा तळ. त्याखाली अल्टोला जागाच नाही. टेनर आणखी खाली उतरतो, त्याच गायकाच्या मंद्र पंचमापर्यंत, खालच्या सप्तकातल्या प पर्यंत. म्हणजे दोघांच्या तळांमध्ये अंतर फक्त सा ते शुद्ध मध्यम एवढं. दोघांची झेप साधारण अडीच सप्तकांची. हिशेब केला तर दोन सप्तकांहून थोडा जास्तच भाग दोघांचा सामाईक निघतो, आणि जॅझमधलं बहुतेक वाजवणं याच सामाईक पट्ट्यात चालतं. म्हणून नुसता सूर किती उंच आहे हे ऐकून काही कळत नाही. 'उंच म्हणजे अल्टो, खालचा म्हणजे टेनर' हे सूत्र घेऊन बसलेला माणूस आमच्याकडे महिन्याला मिसळ देतो.

'अल्टो म्हणजे बाईचा आवाज, टेनर म्हणजे बाप्याचा' हे दुसरं सूत्र तर त्याहून वाईट. गंगूबाई हनगल पहिल्यांदा रेडिओवर ऐकताना किती जणांना पुरुष गातोय असं वाटलं असेल! अल्लादिया खाँसाहेब ज्या गावच्या दरबारात होते, त्या गावच्या माणसाने तरी आवाजाची अशी वाटणी करू नये.

माझे कान उघडले ते आमच्यात अधूनमधून येणाऱ्या एका मामांमुळे. लग्नाच्या बँडात आधी क्लॅरनेट, मग सॅक्सोफोन वाजवत त्यांची हयात गेली. जॅझमधली नावं त्यांना चारसुद्धा माहीत नाहीत. ते म्हणाले, "सूर कुठला हाय ते सोडा. त्यो सूर घ्यायला बाजा चढतोय का बसलाय, ते ऐका."

सगळी मेख यातच आहे. आपल्या काळी एकच्या गायकाचा अतितार षड्ज घ्या, म्हणजे मध्य षड्जाच्या दोन सप्तकं वरचा सा. टेनरसाठी तो जवळजवळ कळसाचा सूर. तिथे आवाज आवळतो, ताणला जातो, गळ्याच्या शिरा फुगल्यासारखा वाटतो. अल्टोला तोच सूर घरचा, वर अजून जागा शिल्लक ठेवून सहज लागणारा. खालच्या टोकाला उलटा प्रकार. मध्य षड्ज हा अल्टोचा शेवटचा सूर, सगळ्या कळा बंद केल्यावर निघणारा, म्हणून तो थोडा भसाडा, हट्टी लागतो. टेनर तिथे ऐसपैस मांडी घालून बसलेला असतो. तेव्हा सुराची उंची मोजत बसू नका, कष्ट मोजा. तार षड्जाच्या आसपास मात्र दोघांनाही कष्ट नाहीत. तुकडा तेवढ्याच पट्ट्यात फिरत असेल तर गप्प बसून पुढच्या वळणाची वाट बघावी.

मी ही वाट बघितली नव्हती. तो गेट्झचा तुकडा नंतर पुन्हा ऐकला, तर शेवटच्या पंधरा सेकंदांत तो असा काही खाली उतरतो की अल्टोला तिथे पायच टेकणार नाहीत. मी पहिल्या मिनिटालाच हात वर केला होता.

सरावासाठी सगळ्यात चांगली तबकडी कुठली, असं कुणी विचारलं तर मी ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' सांगेन. 1959 चं ध्वनिमुद्रण. त्यात दोन्ही वाद्यं आहेत आणि दोन्ही अव्वल हातांत: टेनरवर जॉन कोल्ट्रेन, अल्टोवर कॅननबॉल अ‍ॅडरली. 'सो व्हॉट'मध्ये माइल्सनंतर आधी कोल्ट्रेन येतो, त्याच्या पाठोपाठ कॅननबॉल. नवखा इथे हटकून गोंधळतो, कारण कोल्ट्रेन टेनरवर वरच्या अंगाला खूप खेळतो. पोरवयात त्याने अल्टोच वाजवला होता, टेनर नंतरचा. आणि कॅननबॉल अल्टोवर गुबगुबीत, ब्लूजमध्ये भिजलेलं वाजवतो. हलका कोण आणि जड कोण, एवढाच प्रश्न विचारलात तर उत्तर उलटं येण्याची भीती. कोल्ट्रेन वर जातो तेव्हा सुराला धार येते, जणू दाराच्या फटीतून अंग चोरून जातोय. कॅननबॉल त्याच उंचीवर हसत असतो. एक सूचना: स्टिरिओत दोघे वेगवेगळ्या बाजूंनी ऐकू येतात, म्हणून आम्ही एकच स्पीकर लावतो. नाहीतर कानाऐवजी बाजू बघून उत्तरं येतात.

याच तबकडीचा आणखी एक किस्सा आहे. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना ज्या यंत्रावर मुद्रित झाल्या ते जरा सावकाश फिरत होतं. त्यामुळे वाजवताना त्या थोड्या वेगाने आणि थोड्या चढ्या सुरात निघायच्या. 1992 च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. तोवर तीसेक वर्षं जगभर लोक चढा सूरच ऐकत होते. टेपरेकॉर्डरची मोटर पळायला लागली की कुणाचाही आवाज पातळ होतो, हे कॅसेटच्या काळातल्या माणसांना सांगायला नको. उंचीवर भिस्त ठेवू नये याला हेही एक कारण.

श्वासाचा उपयोग होतो, पण जपून. बेन वेब्स्टरसारखा टेनरवाला संथ गाण्यात खालचा सूर लावतो तेव्हा आधी हवा ऐकू येते, मग सूर. टेनरची ही खास लकब समजली जाते. पण ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात वेब्स्टर ज्याच्या शेजारी वाजवत होता, त्या अल्टोवाल्या जॉनी हॉजेसची लाडिक मींड वेब्स्टरच्या सुरात उतरलेली आहे. एका वाद्याची सवय दुसऱ्या वाद्यात शिरली की लकबीवरून काढलेलं अनुमान लंगडं पडतं. कष्टाची खूण तेवढी फसवत नाही, कारण ती नळीच्या लांबीतून येते, माणसाच्या आवडीनिवडीतून नाही.

हा डोळे बांधून ऐकण्याचा खेळ काही आमचा शोध नाही. जॅझ समीक्षक लेनर्ड फेदरने 1946 साली 'मेट्रोनोम' मासिकात तो सुरू केला, पुढे 'डाउनबीट'मध्ये नेला. 1951 मध्ये ट्रम्पेटवाला रॉय एल्ड्रिज पैजेवर बसला की वाजवणारा गोरा की काळा हे मी नुसत्या कानाने सांगतो. हरला. एवढा मोठा वादक हरला म्हटल्यावर माझी मिसळ फार महाग पडली असं मला वाटत नाही.

आता बोटं दोन्हींवर सारखी पडतात, त्याबद्दल. मागच्या महिन्यात मी एक तुकडा नेला होता. टेनर आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि ते बरोबर होतं. आमच्यातली एक कॉलेजातली मुलगी पहिल्या काही ओळींतच पुटपुटली, "पार्करसारखं वाटतंय." मग स्वतःच म्हणाली, "पण पार्कर तर अल्टोवाला. सॉनी रोलिन्स लिहा."

तुकडा जानेवारी 1953 चा होता, माइल्स डेव्हिसच्या 'कलेक्टर्स आयटम्स'मधला. त्यात रोलिन्सही आहे, टेनरवरच. पण मी कापून आणलेली दीड मिनिटं दुसऱ्या टेनरवाल्याची होती. तबकडीवर त्याचं नाव 'चार्ली चॅन' असं छापलंय, कारण दुसऱ्या कंपनीशी करार असल्यामुळे चार्ली पार्करला आपलं नाव देता येत नव्हतं. ही तबकडी 1956 मध्ये बाजारात आली, तोवर पार्कर जाऊन वर्ष उलटून गेलं होतं.

पोरीने कपाळावर हात मारला. पहिलं उत्तर धरायचं की शेवटचं, यावर अर्धा तास वाद झाला. मामा तिच्या बाजूने होते. नियम मात्र शेवटच्या उत्तराचा आहे, त्यामुळे त्या रविवारची मिसळ तिच्याकडून झाली, आणि तांबडा कट तिने मुद्दाम माझ्याच ताटलीत जास्त ओतायला लावला.