परदैसु, सुखलोक, स्वर्ग: ‘वर जाऊन आले’ या साक्षीमागची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका ख्रिस्ती घरप्रार्थनेत विड्या वळणाऱ्या एका मावशींनी साक्ष दिली होती, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सगळ्यांसमोर सांगितला होता. घरातला यंत्रमाग तासभर बंद ठेवला होता, मागाच्या कडेला सतरंजी अंथरली होती. दवाखान्यात त्यांचं हृदय बंद पडलं होतं, डॉक्टरांनी छाती दाबून ते पुन्हा चालू केलं. मधल्या वेळात त्यांना एक अंगण दिसलं, डोळ्यांना न टोचणारा उजेड दिसला, आणि कधीच वारलेली आई मांडीवर सूप घेऊन विडीची पानं कातरताना दिसली. आई म्हणाली, ‘तुझे हजार अजून भरले नाहीत, जा.’ हजार विड्यांमागे मजुरी मिळवलेल्या बाईला याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मावशी तेलुगूत बोलत होत्या. त्या जागेला त्यांनी ‘परदैसु’ म्हटलं. शेजारी बसलेल्या मुलाने आमच्यासाठी मराठी केलं: ‘आई स्वर्गात जाऊन आली.’ पुढचा सगळा वाद या एका शब्दात आहे.

तेलुगू आणि कन्नड बायबलमध्ये आपल्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराला येशू सांगतो, ‘मी तुला खचित सांगतो, आज तू माझ्याबरोबर परदैसुत असशील.’ म्हणजे मूळ ग्रीक शब्द तसाच ठेवला आहे. तो शब्दही ग्रीकांनी जुन्या इराणी भाषेतून घेतलेला, अर्थ कुंपण घातलेली बाग. देव जिथे राहतो त्या ठिकाणाला या दोन्ही भाषा ‘परलोक’ म्हणतात. मराठीत बागेसाठी ‘सुखलोक’ आला आणि देवाच्या ठिकाणासाठी ‘स्वर्ग’. स्वर्ग हा शब्द आधीपासून भरलेला होता. गीतेच्या नवव्या अध्यायात पुण्य संपलं की स्वर्गातून माणूस पुन्हा मृत्युलोकात येतो. ख्रिस्ती शिकवणीत तिथून उतरणं नाही. ज्या शब्दातच परतीची वाट आहे, तो आपण न परतण्याच्या जागेला दिला. त्याआधी, १६१६ साली गोव्यातल्या सासष्टीत छापलेल्या ओवीबद्ध ख्रिस्तपुराणाने तर सरळ ‘वैकुंठ’ वापरला होता. लोकांना कळेल तोच शब्द घ्यायचा, असं धोरण होतं, आणि मला ते चुकीचं वाटत नाही. त्याचा खर्च मात्र पुढच्या पिढ्यांना भरावा लागला.

सोलापुरात तो रोज दिसतो, कारण इथे तिन्ही भाषांच्या ख्रिस्ती मंडळ्या एकमेकींच्या शेजारी आहेत आणि एका घरातही दोन भाषा असतात. तेलुगू आजी परदैसु आणि परलोक वेगळे ठेवते, मराठी शाळेत गेलेला नातू दोन्हीला स्वर्ग म्हणतो.

फरक एवढा महत्त्वाचा का? त्या शुक्रवारी येशूने चोराला ‘आज’ म्हटलं. रविवारी सकाळी कबरेपाशी तोच मग्दालीया मरीयेला सांगतो की मी अजून पित्याजवळ वर गेलेलो नाही. तेव्हा सुखलोक आणि पित्याचं घर एकच की दोन? अनेक पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, शिकवतात की सुखलोक ही मधली जागा आहे. देह मातीत, जीव प्रभूजवळ, आणि शेवटचा न्याय व देहाचं पुनरुत्थान अजून पुढे. याउलट प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात ‘तिसरा स्वर्ग’ आणि ‘सुखलोक’ लागोपाठ, जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो. मग पहिली मांडणी डळमळते आणि दोन्ही एकच मानणारा दुसरा गट उभा राहतो.

तिसरा गट म्हणतो, मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत झोपलेला असतो, त्याला काही दिसत नाही, कळत नाही. चोराच्या वचनाचं काय? हा गट स्वल्पविराम हलवतो: ‘मी तुला आज खचित सांगतो, तू माझ्याबरोबर असशील.’ जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हं नव्हती, म्हणून ही वाट उघडी राहते. मला ती ओढूनताणून काढलेली वाटते. ‘खचित सांगतो’ हे येशूचं नेहमीचं बोलणं आहे आणि इतर कुठेही त्याने त्याला ‘आज’ जोडलेलं नाही. पण या गटाच्या बाजूने एक साधी गोष्ट आहे, ती आपल्या कबरस्थानातच कोरलेली आहे. एका दगडावर ‘प्रभूमध्ये झोपी गेले’, शेजारच्या दगडावर ‘ख्रिस्तवासी’, आणि चौकातल्या फ्लेक्सवर त्याच घराण्यातल्या माणसाच्या नावाआधी ‘स्वर्गवासी’. एकाच कुटुंबाने तीन सिद्धांत लिहून ठेवले आहेत आणि तिन्ही मनापासून.

जुना इतिहास थोडक्यात. चार दिवस कबरेत राहून येशूच्या हाकेने परत आलेल्या बेथानीच्या लाजराने काय पाहिलं, याबद्दल योहानाने एक शब्द लिहिलेला नाही. सहाव्या शतकाच्या अखेरीस एका पोपने नोंदवलेल्या कथांत स्तेफन नावाचा माणूस मरतो, न्यायासनापुढे उभा राहतो, आणि न्यायाधीश म्हणतो, ‘हा नव्हे, मी लोहार स्तेफनला आणायला सांगितलं होतं.’ हा जिवंत होतो, लोहार मरतो. १३३६ साली दुसऱ्या एका पोपला जाहीर करावं लागलं की शुद्ध झालेले जीव न्यायाच्या दिवसाची वाट न पाहता देवाला पाहतात, कारण त्याच्या आधीच्या पोपने प्रवचनांत उलट मत मांडलं होतं.

आजच्या साक्षींचा उगम मात्र दवाखान्यात आहे. १९६० साली छाती न उघडता बाहेरून दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि थांबलेली हृदयं परत चालू होऊ लागली. १९७५ साली एका अमेरिकी डॉक्टरने अशा माणसांच्या हकिगती एकत्र केल्या, तेव्हापासून मृत्यूसमीप अनुभव हे नाव रूढ झालं. बोगदा, उजेड, आयुष्याचा पट हा साचा तिथून जगभर गेला. २००१ साली नेदरलँड्समधल्या अभ्यासात हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांपैकी ६२ जणांनी असा काही अनुभव सांगितला, म्हणजे शंभरात अठरा. बाकीच्यांना काहीच आठवत नव्हतं. त्यांच्याबद्दल साक्षसभेत कुणी बोलत नाही.

भारतातल्या १६ प्रकरणांचा एक अहवाल १९८६ साली आला. इथे बोगदा नाही. इथे दूत येतात, वही उघडली जाते, चुकीचा माणूस आणला असं कळतं आणि त्याला परत पाठवतात. लोहार स्तेफनची गोष्ट माहीत असणाऱ्याला हे वाचून गप्प बसावं लागतं. पाहणारा आपल्या अंगणातल्या वस्तूंनीच पाहतो. मावशींना विडीची पानं दिसली, यात खोटं काही नाही.

मोठा निर्णय २०१४चा. स्वर्गात जाऊन आल्याची पुस्तकं अमेरिकेत लाखोंनी खपत असताना तिथल्या एका मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेने ठराव केला की मरणानंतरच्या जीवनाबद्दल शास्त्रलेख पुरेसा आहे, अशा अनुभवांवर शिकवण उभारू नये. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१५ मध्ये, यातल्या एका पुस्तकातल्या मुलाने मी मेलो नव्हतो, स्वर्गात गेलो नव्हतो असं जाहीर पत्र लिहिलं आणि प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. ठरावावर तेव्हा टीका झाली होती, दुःखी कुटुंबांचा आधार काढून घेतला म्हणून. मी ठरावाच्या बाजूचा आहे. लूकच्या सोळाव्या अध्यायात मेलेला श्रीमंत माणूस अब्राहामाकडे हेच मागतो: मेलेल्या गरीब लाजरला माझ्या भावांकडे परत पाठवा. अब्राहाम नाही म्हणतो. मोशे आणि संदेष्टे त्यांच्याजवळ आहेत, त्यांचं ऐकावं. हा लाजर म्हणजे कबरेतून आलेला बेथानीचा लाजर नव्हे, आणि हा दाखला आहे की घडलेली गोष्ट यावरही वाद आहे, पण उत्तर दोन्हीकडे तेच राहतं.

साक्ष देऊ नये, असं यातून निघत नाही. मावशींच्या पाळकांनी त्या दिवशी एवढंच केलं की मुलाचं भाषांतर थांबवून सांगितलं, ‘स्वर्ग नको म्हणूस. आई जे म्हणाली तेच म्हण.’ मुलगा थोडा अडखळला, मग म्हणाला, ‘आईला परदैसु दिसलं.’ मावशींनी मान हलवली आणि पुढे सांगू लागल्या.