खाडीकाठच्या कचराभूमीखाली काय उरते?

मुंबईचा कचरा पिढ्यान्‌पिढ्या खाडीकडे जात राहिला. देवनारला १९२७ पासून, मुलुंडला १९६७ पासून, गोराईला १९७२ पासून. खाजण म्हणजे पडीक जागा, ती कचऱ्याने भरून काढायची, असा तेव्हाचा सरळ हिशेब. तळाशी अस्तर नव्हते. कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी, म्हणजे लीचेट, थेट चिखलात मुरत गेले.

तपासणीची सक्ती फार उशिरा आली. पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि त्या सुनावणीतून २००० चे नागरी घनकचरा नियम आले. हद्दीपासून ५० मीटरच्या आतले भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर तपासायचे, भूमी बंद झाल्यावर किमान १५ वर्षे देखरेख ठेवायची. मर्यादाही ठरल्या: लिटरमागे शिसे ०.०५, नायट्रेट ४५, क्लोराइड २५० मिलिग्रॅम. कचरा टाकण्याआधीच्या भूजलाची नोंद ठेवा, असेही त्या नियमांत होते. जुन्या कचराभूमींची अडचण इथेच आहे, कारण त्यांची ‘आधीची’ नोंद कुठेच नाही.

खाडीकाठी ही उणीव फार नडते. आतल्या भागात क्लोराइड वाढले की लीचेट पोहोचले असा अंदाज बांधता येतो. खाडीलगतच्या बोअरमध्ये मात्र समुद्राचेच क्लोराइड हजारोंनी असते, त्यामुळे २५० च्या मर्यादेशी केलेली तुलना निरर्थक ठरते. तिथे अमोनिया, सीओडी (पाण्यातली घाण रासायनिक रीतीने जाळायला लागणारा ऑक्सिजन) आणि बोरॉन-क्लोराइडचे गुणोत्तर एकत्र पाहावे लागते. भरती-ओहोटीने पाण्याची पातळी आणि कधीकधी प्रवाहाची दिशाही बदलते. म्हणून सगळ्या निरीक्षण विहिरींची पातळी एकाच ओहोटीला मोजायची. नमुन्याआधी विहिरीतले साचलेले पाणी, साधारण तिच्या साठ्याच्या तिप्पट, उपसून टाकायचे आणि सामू (पीएच) व विद्युतवाहकता स्थिर झाल्यावरच बाटली भरायची. विरघळलेल्या धातूंसाठीचे पाणी जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, नायट्रिक आम्लाने सामू २ च्या खाली आणायचा. न गाळता आम्ल टाकले, की गाळातले लोह-मँगनीजही पाण्यात उतरते आणि अहवाल उगाच भडक दिसतो.

मातीची फसगत आणखी वेगळी. तपासणीसाठी खणलेल्या खड्ड्याच्या भिंतीवर वर प्लास्टिकच्या पिशव्यांचे थर, खाली राखेसारखा भुगा आणि त्याखाली काळाभोर, सडक्या अंड्याच्या वासाचा चिखल दिसतो. हा चिखल दूषित असेलच असे नाही. खाजणाचा निर्मळ चिखलही असाच काळा आणि वासाचा असतो. शिवाय आपल्या बेसाल्टपासून बनलेल्या मातीत तांबे, क्रोमियम, निकेल मुळातच जास्त. बाहेरच्या देशाची मर्यादा लावली, तर कधीच कचरा न पडलेली जागासुद्धा दूषित ठरेल. त्यामुळे कचऱ्यापासून दूरच्या, त्याच जातीच्या चिखलाचे नमुने तुलनेसाठी घेतलेच पाहिजेत. आधीची नोंद नसताना तोच एक आधार उरतो.

गोराई २००७ मध्ये बंद झाली. तिथे ढीग आकारात आणून झाकण्यात आला, त्यामुळे खालची माती झाकलेलीच राहिली. २०१६ चे घनकचरा नियम आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वे यांनी वाट बदलली: जुना कचरा उकरायचा, ढिगारे करून वरखाली करत कुजवायचा, मग चाळायचा. २०१८ मध्ये बंद झालेल्या मुलुंडला सुमारे ७० लाख टन कचरा असाच काढायचे काम निघाले. या पद्धतीत तळ उघडा पडतो आणि तेव्हाच तो तपासता येतो. प्रगती मात्र टनांत आणि मोकळ्या झालेल्या एकरांत मोजली जाते. तळ लागला की मुरूम पसरण्याची घाई होते. त्याआधी चौकटी आखून वरचे १५ सेंटिमीटर, अर्धा मीटर आणि एक मीटर अशा तीन खोलींचे नमुने घ्यावेत. खड्ड्यात उतरण्यापूर्वी मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड मोजणे अनिवार्य. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असले की ठिणगी पुरते.

बोअर कचऱ्यातून सरळ खाली नेली, तर चिखलाचा जलरोधक थर फुटून लीचेटला खालच्या कातळाच्या भेगांची वाट मिळते. म्हणून कचऱ्याच्या थरात बाहेरचा केसिंग पाइप बेंटोनाइटने (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीने) पक्का बसवून मगच पुढे जायचे. आणि पोकलेन फिरू लागण्याआधी जुन्या निरीक्षण विहिरींभोवती काँक्रीटचे कडे व लाल झेंडे लावायचे. विहीर एकदा चेपली की शेजारी नवी खोदता येते, पण आधीच्या नोंदींशी तिचे आकडे जुळवता येत नाहीत.