जल आकार आणि जललाभ कर: एकाच पाण्याचे दोनदा पैसे नव्हेत

सोसायटीच्या वार्षिक सभेत मालमत्ता कराचा विषय निघाला की कुणीतरी बिल उंचावून विचारतंच: "पाण्याचं बिल आपण भरतो ना? मग हा जललाभ कर कसला? एकाच पाण्याचे दोनदा पैसे?" आमच्या सोसायटीचे हिशेब सांभाळायला लागल्यापासून मी हे ऐकत आलेय. तोंडी सांगितलेलं पुढच्या सभेपर्यंत टिकत नाही, म्हणून लिहून ठेवते. हे मुंबई महापालिकेपुरतं आहे. इतर शहरांचे कायदे आणि बिलांवरची नावं वेगळी असतात.

पाण्याचं बिल सगळ्यांच्या ओळखीचं आहे. मीटरवर जितके हजार लिटर, तितका जल आकार, म्हणजे पाण्याचं शुल्क. त्याच्या 70 टक्के मलनिःसारण आकार. माणशी दिवसाला 150 लिटरच्या वर वापर गेला की दर चढतो. हे बिल जल अभियंता खात्याचं. त्यात न कळण्यासारखं काही नाही.

गोंधळ होतो तो मालमत्ता कराच्या बिलात, कारण तिथे दोन सारखी नावं एकाखाली एक छापलेली असतात: जल कर आणि जललाभ कर. हे दोन वेगळे कर आहेत, आणि पाण्याच्या बिलातला जल आकार ही तिसरीच गोष्ट आहे. माझ्या मते 'पाणीपट्टी' या सोयीच्या शब्दाने सर्वांत जास्त नुकसान केलंय. बोलताना तिघांनाही आपण तेच म्हणतो आणि मग भांडतो.

1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचं कलम 140 बघा. जल कर आहे पाणीपुरवठा करण्यासाठी. जललाभ कर त्याच्यावरचा अतिरिक्त कर आहे: पाणीपुरवठ्याच्या सोयी उभारण्याची आणि सुधारण्याची जी भांडवली कामं होतात, त्यांचा खर्च पूर्ण किंवा अंशतः भागवण्यासाठी आणि ती कामं चालती ठेवण्यासाठी. धरण, जलबोगदा, शुद्धीकरण केंद्र, मोठ्या जलवाहिन्या. 2014 साली मध्य वैतरणा धरण सुरू झालं, ते या प्रकारचं काम.

आता खरी मेख. जिथे मीटरने जल आकार घेतला जातो, तिथे तो जल कराच्या *ऐवजी* असतो. तशी तरतूद कलम 169 मध्ये आहे. म्हणून बहुतेक सोसायट्यांच्या मालमत्ता कराच्या बिलात जल करापुढे शून्य दिसतं. जललाभ कर मात्र कशाच्याच ऐवजी नाही. मीटर असो वा नसो, तो लागतोच. थोडक्यात, जल कर आणि जल आकार यांत 'किंवा' आहे. जललाभ कर 'आणि'ने जोडलेला आहे.

त्याची आकारणीही नळाकडे बघून होत नाही. 2010 पासून मुंबईत मालमत्ता कर भांडवली मूल्यावर ठरतो. रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेल्या जमीन-घरांच्या मूल्याचा) दर, क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय यांवरून ते मूल्य निघतं, आणि जललाभ कर हा त्याचा काही टक्के भाग. आमच्या मजल्यावर एक घर वर्षभर कुलूपबंद आहे, शेजारच्यात सहा माणसं राहतात. घरं सारखी, म्हणून जललाभ करही सारखाच. बंद घराचे मालक म्हणतात, "आम्ही थेंबभर पाणी वापरलं नाही." खरं आहे, पण हा कर थेंबांवर नाहीच. शहराचं पाणी दारापर्यंत येण्याची सोय आहे म्हणून त्या घराला किंमत आहे, ते विकलं तर ती सोय धरूनच भाव येणार. मला हे तत्त्व न्याय्य वाटतं. धरणाचा सगळा खर्च लिटरमागे लावला असता, तर तो सहा माणसांच्या घरावर पडला असता आणि रिकाम्या घराचा मालक सुटला असता.

मलनिःसारणाचं गणित हेच. नुसता 'जल'च्या जागी 'मलनिःसारण' शब्द घाला: कर, लाभ कर आणि आकार. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर इथली नवी सांडपाणी प्रक्रिया केंद्रं भांडवली कामांतच मोडतात.

500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांच्या सवलतीतही हाच घोळ झाला. 2019 मध्ये माफी मिळाली ती फक्त सर्वसाधारण कराला, म्हणजे मालमत्ता कराच्या बिलातल्या एका घटकाला. 'मालमत्ता कर माफ' असं समजून बसलेल्यांच्या बिलात जललाभ कर राहिलाच होता. संपूर्ण मालमत्ता कराची माफी 1 जानेवारी 2022 पासूनची. मीटरचं बिल त्या घरांनाही आजही भरावं लागतं, कारण तो मालमत्ता कर नाही.

सोसायट्यांनी एक गोष्ट तरी सुधारावी. मेंटेनन्सच्या बिलात 'पाणी' अशा एकाच ओळीत सगळं कोंबणं मला अजिबात पटत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) पाण्याचं बिल घरातल्या नळजोडण्यांची संख्या आणि आकारमान बघून वाटायचं असतं, तर मालमत्ता कर महापालिकेने ठरवला असेल तसा. दोन्हींची वाटणी वेगळी, म्हणून ओळीही वेगळ्याच हव्यात.

आणि तुमच्या बिलात जल करापुढे खरोखर रक्कम असेल, शिवाय त्याच जोडणीचं मीटरचं बिलही येत असेल, तर मात्र तक्रारीला जागा आहे. दोन्ही बिलं घेऊन वॉर्ड ऑफिसात जा आणि बोट जल करावर ठेवा, जललाभ करावर नको.