फुलपाखराच्या पंखांपलीकडचा वायू

वृश्चिक राशीतली एनजीसी 6302 ही बिंबाभ्रिका फुलपाखरू म्हणून प्रसिद्ध आहे. हबल दुर्बिणीने टिपलेले तिचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. मध्यभागी धुळीचा काळा पट्टा, दोन्ही बाजूंना वायूचे झळाळते पंख. मरणपंथाला लागलेल्या ताऱ्याने आपली बाह्य आवरणे भिरकावून दिली, त्याचे हे दृश्य. आत उरलेल्या गाभ्याचे तापमान 2 लाख अंशांच्या वर आहे.

इतका तापलेला तारा आपला बहुतेक प्रकाश अतिनील तरंगलांबीत फेकतो. जमिनीवरच्या दुर्बिणीला यातले काही मिळत नाही, कारण पृथ्वीचे वातावरण तो प्रकाश वरच अडवते. त्यासाठी अवकाशातच जावे लागते. 1978 साली गेलेल्या आययूई उपग्रहाने अशा ताऱ्यांचे अतिनील वर्णपट, म्हणजे तरंगलांबीनुसार उलगडलेल्या प्रकाशाच्या नोंदी, घेतले आणि त्यांच्यापासून सेकंदाला हजार किलोमीटरहूनही अधिक वेगाने वारे सुटतात हे दाखवले. पण वर्णपट म्हणजे चित्र नव्हे. वायू आकाशात किती दूरवर पसरला आहे, हे कळायला चित्रच हवे.

ते काम भारताच्या ॲस्ट्रोसॅटने केले. 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या या उपग्रहावर यूव्हीआयटी ही अतिनील दुर्बीण आहे. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने ती उभी राहिली. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचाही तीत वाटा आहे. आरसे अवघे साडेसदतीस सेंटीमीटरचे, पण एका वेळी जवळजवळ पूर्णचंद्राएवढे आकाश ती टिपते. विरळ, पसरट वायू शोधायला हेच लागते.

2018 साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत 160 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या प्रकाशात या फुलपाखराभोवती अंधुक पाळी, म्हणजे कानाच्या पाळीसारखे वायूचे फुगवटे, दिसल्या. मध्यापासून दोन्हीकडे सुमारे 5 कलांपर्यंत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चंद्रबिंबाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या! ओळखीच्या पंखांहून त्या कितीतरी मोठ्या आहेत आणि त्यांची दिशाही वेगळी आहे. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट: 172 नॅनोमीटरजवळच्या चित्रात त्या पाळी नाहीतच. नुसती धूळ ताऱ्याचा प्रकाश विखुरत असती, तर त्या दोन्ही चित्रांत दिसायला हव्या होत्या.

म्हणून संशय हायड्रोजनच्या रेणूंवर आहे. ट्यूबलाइटमधला लेप अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाश देतो, तसेच हे थंड रेणू ताऱ्याचे अधिक ऊर्जेचे अतिनील किरण शोषतात आणि कमी ऊर्जेचे, पण अतिनीलच, किरण बाहेर टाकतात. त्यांची ही चमक 160 नॅनोमीटरच्या थोडे पुढे संपते, म्हणून 172 च्या चित्रात ती नाही. वृषपर्वा तारकासमूहातल्या एनजीसी 40 भोवतीही यूव्हीआयटीला असेच अंधुक वलय सापडले.

या वायूला मोल आहे. सूर्याच्या सुमारे आठ पटींपर्यंत जड जन्मलेला ताराही शेवटी श्वेतबटू, म्हणजे विझत जाणारा लहानसा घन गाभा, होतो, आणि बहुतेक श्वेतबटूंचे वस्तुमान सूर्याच्या 0.6 पटीच्या आसपास भरते. मधले वस्तुमान चकाकत्या बिंबाभ्रिकेत मोजून पुरे पडत नाही. पाळींमधला हायड्रोजन नेमका किती, हे ठरले की त्या हिशेबातली एक मोठी नोंद सापडेल.