विस्तारित कॉर्ड

विस्तारित कॉर्ड : सातव्या सुराच्या पुढे नववा, अकरावा किंवा तेरावा सूर चढवून बांधलेली, एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांची स्वरसंगती. कॉर्ड बांधताना सप्तकातला एक सूर घ्यायचा आणि पुढचा सोडायचा. सा, ग, प ही साधी तीन सुरांची कॉर्ड. तिच्यावर नी ठेवला की सातवी झाली. हीच चाल तार सप्तकात पुढे नेली की रे, म, ध मिळतात आणि मोजणी मधे न तोडल्यामुळे त्यांना नऊ, अकरा, तेरा हे आकडे पडतात. ध नंतर नी सोडला की पुन्हा सा येतो, म्हणून तेराच्या पुढे नवे काही उरत नाही. फ्रेंच संगीतकार रामो याने १७२२ साली हार्मनीवरच्या आपल्या ग्रंथात तिसऱ्या-तिसऱ्या सुरांच्या या उभारणीला शास्त्राचा पाया दिला. विसाव्या शतकात जॅझ वादकांनी या मोठ्या कॉर्ड रोजच्या वापरात आणल्या.

पेटीवर हात बसलेल्या माणसाला ही गोष्ट थाटावरून, म्हणजे रागाच्या सात सुरांच्या ठरावीक संचावरून, लवकर उमगते. पूर्ण तेरावी कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजलेला अख्खा थाट. शुद्ध ग आणि कोमल नी घेतलेल्या तेराव्या कॉर्डमध्ये खमाज थाटाचे सातही सूर असतात, ग आणि नी दोन्ही कोमल असलेल्या मायनर तेरावीत काफीचे, आणि शुद्ध नीबरोबर तीव्र म घेतला तर कल्याणचे.

नावे वाचताना खरी अडचण आकड्यांची होते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे भजनात किंवा ऑर्केस्ट्रात साथ करणारे वादक, उरलेल्या महाराष्ट्रातल्या वादकांप्रमाणेच, स्वर पेटीच्या पट्टीने सांगतात : पांढरी एक (इंग्रजी नाव ‘सी’), काळी पाच, पांढरी सात. त्यामुळे ‘सी सेव्हन’ ऐकले की बोट पांढरी सातकडे जाते आणि कॉर्ड चुकते. नुसत्या सातचा अर्थ कोमल नी, म्हणजे सा पांढरी एक असताना काळी पाच. पांढरी सात हवी असेल तर नावात ‘मेजर सेव्हन’ असे असते. ‘सी नाइन’ म्हटले की कोमल नी गृहीतच असतो : सा, ग, प, कोमल नी, तार रे. ‘मेजर नाइन’मध्ये नी शुद्ध होतो. ‘मायनर नाइन’मध्ये ग आणि नी दोन्ही कोमल. थोडक्यात, ‘मेजर’ हा शब्द इथे सातव्या सुराबद्दल बोलतो आणि ‘मायनर’ तिसऱ्याबद्दल. ‘ॲड नाइन’ वेगळी. तिच्यात नी नसतोच, साध्या कॉर्डवर फक्त रे ठेवलेला असतो. फ्लॅट नाइन म्हणजे कोमल रे, फ्लॅट थर्टीन म्हणजे कोमल ध.

पट्टी बदलली की पांढरी-काळीचे पाठांतर कोलमडते. गायिकेने काळी चार घेतली तर नववी कॉर्ड काळी चार, पांढरी एक, काळी दोन, काळी तीन, काळी पाच अशी येते. म्हणून कॉर्ड सरगमनेच लक्षात ठेवावी.

सगळे सूर वाजवायचे नसतात, आणि बांधणीतले कौशल्य नेमके इथेच आहे. पेटीवर डावा हात भाता मारण्यात गुंतलेला असल्यामुळे सात सुरांना पाचच बोटे उरतात. कीबोर्डवर दोन्ही हात मोकळे असले तरी गर्दी कानाला सोसत नाही. आधी प सोडावा. त्याने कॉर्डची जात बदलत नाही. ग आणि नी शक्यतो सोडू नयेत, कारण कॉर्डची ओळख त्यांच्यात असते. याला मोठा अपवाद अकरावीचा. शुद्ध ग वर तार सप्तकातला शुद्ध म ठेवला की दोघांमध्ये एक सप्तक आणि वर एक अर्धस्वर एवढे अंतर पडते व ते बोचते. तिथे ग काढून टाकतात किंवा म तीव्र करतात. मायनर अकरावीत ग कोमल असल्याने ही बोच राहत नाही. तेरावीची एक सुटसुटीत मांडणी अशी : डाव्या हातात सा आणि कोमल नी, उजव्या हातात ग, ध आणि त्यावरचा रे. बेस गिटारवाला सा धरत असेल तर डाव्या हातातला सा सुद्धा सोडता येतो.

खानदेशात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या सणाची गाणी, यांच्या मूळ गायनात कॉर्ड नसते. कीबोर्डची साथ आली ती मंचावर आणि ध्वनिमुद्रणात. अशा वेळी चालीत नसलेला सूर कॉर्डमधून आत येतो, याकडे लक्ष द्यायला हवे. चाल सा, रे, ग, प, ध एवढ्याच सुरांत फिरत असेल आणि साथीदाराने शेवटच्या मुक्कामाला नववी कॉर्ड धरली, तर तिच्यातला कोमल नी त्या चालीला परका असतो. गाणे संपल्यासारखे न वाटता पुढे कुठे तरी जाणार असे वाटू लागते. त्या जागी ‘सिक्स नाइन’ चपखल बसते. तिच्यात सा, ग, प, ध आणि रे असतात, म्हणजे नेमके भूप रागाचे पाच सूर. सातवा सूर नसल्यामुळे काटेकोर अर्थाने ती विस्तारित कॉर्ड नाही, पण नववीचा भरदारपणा तिच्यात आहे. झोक्याच्या गाण्याची ओळ रे वर रेंगाळत असेल तर कॉर्डमधला रे सर्वांत वर ठेवावा, म्हणजे गाणाऱ्या बाईचा सूर आणि वादकाच्या करंगळीखालचा सूर एकच होतो.